जावईबापू, पान आलं

माईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा लेकीनं त्यांचं काही एक ऐकून घेतलं नाही. मागच्या अंगणासकट घर विकलं गेलं आणि माई लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला आल्या. घर छान होतं. लिफ्ट होती आणि ती कधी बंद पडत नसे, कारण जावई लिफ्ट दुरुस्तीच्याच कामावर होता. फक्त माती कुठे नव्हती. गॅलरी नाही, खिडकीत ऊन नाही, समोरच्या इमारतीची भिंत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. जी बाई आयुष्यभर सकाळी उठल्या उठल्या आधी अंगणात जाऊन कुठल्या रोपानं मान टाकली, कुठल्यानं वर काढली हे बघायची आणि मग तोंड धुवायची, ती आता उठून सोफ्याची कव्हरं सरळ करत बसायची.

जावई माणूस भला, पण बोलायला मोजका. सासू-जावयात वाकडं काही नव्हतं, तशी ओळखही नव्हती. दोघं एकमेकांशी लेकीमार्फत बोलायचे. "त्यांना विचार, चहा आत्ता हवा की नंतर," जावई म्हणायचा, आणि माई समोरच्या खुर्चीतच बसलेल्या असायच्या. "सांग त्यांना, नंतर," असं त्या लेकीला सांगायच्या. लेक फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायचे आणि घरी आल्यावर या दोघांच्या जिभा, असं तिचं चाललं होतं.

जावयाला एकच शौक होता. टीव्हीशेजारी त्याची माशांची टाकी होती. त्यात लांब झुपकेदार शेपट्यांचे, बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे, एक चिनीमातीचा किल्ला आणि प्लास्टिकची झाडं. काही झाडं हिरवी होती, एक निळं होतं. सगळ्यांत देखण्या शेंदरी माशाला तो 'साहेब' म्हणायचा, कारण तो घाई म्हणून करायचा नाही.

जावयाच्या सुट्टीच्या एका सकाळी साहेबाची शेपटी फाटलेली दिसली. मधोमध चीर, जशी कुणी कात्री चालवावी. जावयाचा चेहरा उतरला. त्यानं माशांच्या दुकानात फोन लावला आणि हात ओले असल्यामुळे स्पीकरवर ठेवला. दुकान चालवणारी बाई भरभर बोलणारी होती.

"प्लास्टिकच्या पानांना धार असते. शेपटी अडकली, फाटली. येईल भरून. पण ती झाडं काढा आता. खरी लावा."

"मला झाडं जमत नाहीत," जावई म्हणाला. "ऑफिसात मनीप्लांट होतं, तेसुद्धा मारलं मी."

स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या. हातात पुसायचं फडकं तसंच राहिलं होतं.

"मनीप्लांट?" त्या म्हणाल्या. "ते कसं मारलंत?"

जावयानं वळून पाहिलं. लेक अंघोळीला गेलेली, म्हणजे प्रश्न थेट त्यालाच होता.

"पाणी घालायचो," तो म्हणाला. "रोज."

"रोज?"

"विसरायला नको म्हणून दोनदा."

माईंनी डोळे मिटून घेतले, जणू घरातलंच कुणी गेलं होतं. मग टाकीजवळ येऊन चष्मा नाकावर चढवला. "पहिल्या दिवसापासून म्हणायचं होतं, पण म्हटलं, जावयाच्या घरात आपण कशाला तोंड उघडायचं. झाड प्लास्टिकचं. तेही निळं." आणि फोनकडे वाकून त्यांनी विचारलं, "अहो बाई, पाण्यात लावतात ती झाडं आहेत तुमच्याकडे?"

"या ना, दाखवते," फोन म्हणाला.

दुकानाच्या पुढच्या भागात माशांचं खाद्य आणि रंगीत खडे होते. दुकानवालीनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे अंधार होता, आणि अंधारात काचेची एक लांबलचक टाकी उजळलेली होती. माई उंबऱ्यातच थांबल्या. टाकीत उतारावरच्या रानासारखं हिरवं पसरलं होतं. मागे हातभर उंच, रिबिनीसारख्या पात्या पाण्याबरोबर एका दिशेला झुकत होत्या. मधे एक वाकडं लाकूड, त्याच्या खाचांत गडद, जाड पानं. खाली तपकिरी पानांची बुटकी झुडपं आणि दगडांवर लवेसारखा शेवाळी गालिचा. मासे त्या सगळ्यातून असे जात-येत होते, जसे आपण रस्त्यातून फिरतो.

"हे सगळं जिवंत आहे?" माईंनी विचारलं.

"सगळं. वाढतंसुद्धा. मी दर आठवड्याला कापते."

"कापता," माई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी कितीतरी दिवसांनी ऐकला होता. त्यांचे हात शिवशिवायला लागले.

त्यांनी प्रत्येक झाडाची चौकशी केली. दुकानवालीनं उंच पातीचं गवत दिलं, तपकिरी झुडपं दिली, मूठभर मॉस, म्हणजे ते दगडांवरचं शेवाळ दिलं, शिवाय एक सच्छिद्र लाकूड आणि त्यावर बांधायला जाड पानांचं झाड. "याचं हे आडवं, जाडसर खोड बघा," ती म्हणाली. "हे वाळूत पुरायचं नाही. सडतं. दोऱ्यानं लाकडाला बांधायचं. आणि दिवा दिवसाचे सहाएक तास, जास्त नको."

जावई कान देऊन ऐकत होता, पण त्याचा सगळा जीव दिव्यांच्या कपाटात अडकला होता. माईंनी मान डोलावली. झाडं आणि खोडं आपल्याला कुणी शिकवायची नाहीत, अशी ती मान डोलली.

परत येताना ओल्या कागदात गुंडाळलेली झाडं माईंनी मांडीवर धरली. बसमध्ये गर्दी होती. कुणाचा धक्का लागला की त्या झाडांवर हात धरायच्या आणि जावई त्यांच्यापुढे आडवा उभा राहायचा. घरच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर तो म्हणाला, "ते तपकिरी पुढे लावू या का? म्हणजे समोरून दिसेल."

"पुढे बुटकं, मागे उंच," माई म्हणाल्या. "बागेचा नियमच आहे तो."

लेक दवाखान्यात गेलेली. दोघांनी बाह्या सरसावल्या. मासे बादलीत गेले, पाणी अर्ध्यावर आलं. किल्ला आणि प्लास्टिकचं रान एका पिशवीत बांधून जिन्याखालच्या कचऱ्यात गेलं. किल्ला टाकताना जावई जरा घुटमळला, माईंनी तिकडे पाहिलं नाही.

मग लावणी सुरू झाली, आणि माईंच्या लक्षात आलं की इथे आपलं काही चालत नाही. गवताचं रोप वाळूत खोचावं, बोट काढावं, की ते पाठोपाठ वर. परत खोचावं, परत वर. बघता बघता सगळी बाग पाण्यावर तरंगायला लागली.

"आयुष्यभर झाडांना पाणी घातलं," त्या म्हणाल्या, "आता झाडंच पाण्यात घालतेय, तर ती उडी मारून बाहेर येतायत."

जावई आत गेला आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीतून लांब चोचीची एक नवी पक्कड साबणानं धुऊन घेऊन आला. लिफ्टच्या पॅनेलमधल्या बारीक तारा पकडायची ती. त्यानं रोपाची मुळं चोचीत धरली, तिरकी खोल दाबली आणि पक्कड हळूच उघडून बाहेर काढली. रोप जागच्या जागी राहिलं.

"आता जरा वर ओढा," माई खुर्चीच्या टोकावर आल्या. "अजून. बस. गळा वाळूच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर गुदमरतं. हां. आता शेजारी दुसरं. इतकं जवळ नको, त्याला मोठं व्हायचंय."

दोघांना वेळेचं भान राहिलं नाही. माईंनी काळ्या दोऱ्यानं जाड पानांचं झाड लाकडाला बांधलं, मॉसचे पुंजके दगडांवर गुंडाळले. जावई पाणी आणायला आत गेला तेव्हा मात्र त्यांना राहवेना. ते आडवं खोड असं उघड्यावर पडलेलं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी बोटानं वाळू ओढून ते गुपचूप झाकून टाकलं.

संध्याकाळी लेकीनं दार उघडलं तर फरशीवर पाणीच पाणी, आणि आई अन् नवरा शेजारी शेजारी दोन बुटक्या स्टुलांवर बसलेले. दोघांपैकी कुणी मान वळवली नाही.

"मी घर चुकले का?" तिनं विचारलं.

"ये, बस," जावई म्हणाला. "साहेब पहिल्यांदाच गवतातून गेला आत्ता."

पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी माई चहाचा कप घेऊन टाकीपुढे, संध्याकाळी जावई बूटही न काढता टाकीपुढे. कुठलं पान कुठे झुकलं याची देवाणघेवाण व्हायची आणि त्यासाठी आता लेकीची गरज लागत नव्हती. जावयानं चांगलासा दिवा आणला होता. जितका उजेड तितकी वाढ, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तो कामावर निघण्याआधी दिवा लावायचा आणि झोपताना बंद करायचा.

आणि मग बाग बसली. आधी तपकिरी झुडपांची पानं भोकाभोकांची झाली, मग पारदर्शक, मग बोट लावलं तर बुळबुळीत. एकेक करून ती विरघळली आणि नुसते देठ उरले. जाड पानांचं झाड बुडातून पिवळं पडलं. काचेवर हिरवा थर चढला आणि पाणी असं गढूळ हिरवं झालं की साहेब मधूनच दिसायचा आणि मधूनच नाहीसा व्हायचा.

जावयानं लाकूड उचलून पाहिलं. जाडसर खोड वाळूत रुतलेलं होतं आणि पिकून गळलेल्या केळ्यासारखं मऊ झालं होतं. वासही तसाच.

"हे पुरलं कुणी?" त्यानं विचारलं.

"मूळ उघडं पडलं होतं," माई म्हणाल्या.

"ती बाई म्हणाली होती, पुरू नका."

"ती असंही म्हणाली होती की दिवा सहा तास. इथे सकाळपासून दिवाळी असल्यासारखा जळतोय तो कुणाचा?"

आवाज चढले. लेक टॉवेलनं केस पुसत बाहेर आली आणि दोघांकडे बघत राहिली. "लोक एकमेकांना पाण्यात पाहतात," ती म्हणाली, "तुम्ही पाण्यात बघून भांडताय, एवढाच फरक. जाऊ दे ना. काढून टाका ही झाडं. आपण नवा किल्ला आणू."

"नाही," जावई आणि माई एकदमच म्हणाले. मग जावयानं परत दुकानात फोन लावला.

दुकानवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती हसली. "तपकिरी झाडं मेलेली नाहीत," ती म्हणाली. "ही झाडं विकायला पाण्याबाहेर, ओल्या हवेत वाढवतात. पाण्यात गेली की ती जुनी पानं टाकतात आणि पाण्यात टिकतील अशी नवी काढतात. मुळं उपटू नका, धीर धरा. दिवा कमी करा, थोडं थोडं पाणी बदला, काचेवरचं हिरवं पुसून घ्या. आणि त्या जाड खोडाचं सडकं कापून टाका. टणक लागेपर्यंत कापा."

माईंनी कपाळावर हात मारला. "अहो, रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावलं की पानं गाळतंच. जागा धरली की परत फुटतं. हे मी अख्ख्या गल्लीला सांगत आले जन्मभर. इथे पाणी बघून अक्कल वाहून गेली."

"माझी तर वाहायलाही नव्हती," जावई म्हणाला.

त्या दिवशी दोघं परत कामाला लागले. माईंनी धारदार सुरीनं खोड कापलं. मऊ, मऊ, अजून मऊ, आणि मग सुरीला एकदम कच्च्या गाजरासारखी टणक जागा लागली. आत हिरवं होतं. अंगठ्याएवढाच तुकडा वाचला होता, त्याला दोन पानं. तो त्यांनी लाकडाच्या अगदी वर बांधला, वाळूपासून लांब. जावयानं दिव्याला टायमर लावला आणि त्या टायमरला हात लावणार नाही अशी बायकोसमोर शपथ घेतली. मग देव पाण्यात घालून बसतात तशी दोघं झाडं पाण्यात घालून बसली.

बसणं सोपं नव्हतं. जावई वाळू उकरून बघायला निघाला की माई म्हणायच्या, "हात मागे." माई देठ ओढून बघायला गेल्या की जावई घसा खाकरायचा.

ती सकाळ साधीच होती. घरी एकट्या माई. जावई एका उंच इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होता, तोंडात स्क्रू, हातात वायर. त्याचा फोन वाजला. पडद्यावर माईंचं नाव होतं, आणि माईंनी आजवर त्याला कधी फोन केला नव्हता.

"आई? काय झालं? पडलात का?"

"जावईबापू, पान आलं."

"कोण आलं?"

"पान."

"कुणाकडून?"

"अहो, कुणाकडून काय, झाडाला. तपकिरी झुडपाला. गेलं म्हणत होतो ना, त्याच्या बुडातून. गुंडाळीसारखं आहे, लालसर. नखाएवढं."

जावयानं तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले. खालून त्याचा जोडीदार विचारत होता की काय झालं, सगळं ठीक ना. त्यानं हातानं त्याला थांबवलं.

"बुडबुडा नसेल ना?"

"बुडबुड्याला शीर असते का? मला शीर दिसतेय."

"फोटो पाठवा."

माईंनी फोटो पाठवला. त्यात त्यांचा अंगठा होता. दुसरा पाठवला, त्यात काचेत पडलेलं त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब, चष्म्यासकट. तिसऱ्यात एक लाल ठिपका होता, तो काहीही असू शकला असता. जावई लिफ्टच्या टपावर उभा राहून तो ठिपका मोठा करून करून बघत राहिला. शेवटी त्यानं जोडीदाराला सांगितलं, "जेवायच्या सुट्टीत मी घरी जाऊन येतो. घरी पान आलंय."

तो आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं. माईंनी त्याला टाकीला हात लावू दिला नाही, पण आपल्या जवळचं स्टूल पुढे सरकवलं. तो नाक काचेला टेकवून बसला. पान खरंच होतं. आणि मागच्या देठाजवळ आणखी एक होतं, ते माईंनाही दिसलं नव्हतं.

"इथे," तो हळू आवाजात म्हणाला, जणू मोठ्यानं बोललं तर ते परत आत जाईल. "अहो आई, इथे बघा."

जेवण राहिलंच. निघताना माईंनी त्याच्या हातात एक केळं कोंबलं.

एकदा सुरू झालं ते मग थांबेना. तपकिरी झुडपं नव्या, अरुंद पानांनी भरली. गवतानं वाळूखालून धावते कोंब सोडले. आज इथे पिल्लू रोप, उद्या तिकडे. माई कात्री घेऊन बसायला लागल्या. पाणी बदललं की दिव्याच्या उजेडात पात्यांवर चांदीचे बारीक मणी धरायचे आणि त्यांच्या माळा सुटून वर जायच्या. "श्वास सोडतायत," माई सांगायच्या, आणि जावई लोकांना बोलावून बोलावून ते दाखवायचा, वीजबिलाचा माणूस आला तर त्यालासुद्धा. साहेबाची शेपटी भरून आली होती. तिला पूर्वीपेक्षा किंचित वळण आलं होतं, पण तो त्याची पर्वा न करता गवतातून सावकाश फिरायचा.

नवं काय झालं ते सापडलं मात्र लेकीला, जिला या सगळ्यात फारसा रस नव्हता. सकाळी ती दवाखान्यात निघाली होती. बुटाची लेस बांधायला ती टाकीपुढे वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आई, यात डास पडलेत का?"

"कुठे?"

"मॉसमध्ये. डास नाहीत. याला डोळे आहेत. दोन डोळे आणि एक शेपटी."

जावई दाढी अर्धी टाकून धावत आला. माई चष्मा शोधत आल्या, तो डोक्यावरच होता. मॉसच्या पुंजक्यात, प्रत्येक फटीत, पापणीच्या केसाएवढी पिल्लं हलत होती. एक दिसलं की शेजारी तीन दिसायची.

"गप्पी आपलीच पिल्लं खातात," जावई म्हणाला. त्याच्या गालावरून साबणाचा फेस टाकीच्या झाकणावर पडला. "आजवर एकही वाचलं नसणार. लपायला जागाच नव्हती ना. हा मॉस..."

"अरे, ते बघ," लेक म्हणाली, "ते तिकडे चाललंय."

एक पिल्लू पाणी ओढणाऱ्या फिल्टरच्या नळीकडे खेचलं जात होतं. ते शेपटी मारत होतं आणि मागे मागेच जात होतं. जावयानं झडप घालून बटण बंद केलं. पाणी स्थिर झालं आणि पिल्लू सुटलं.

"फिल्टर बंद ठेवून चालणार नाही," तो म्हणाला. "तोंडाला काहीतरी लावलं पाहिजे. पाणी जाईल, पिल्लू जाणार नाही असं."

"स्पंज," माई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातून भांडी घासायचा कोरा स्पंज घेऊन आल्या, कात्रीही. त्यांनी त्याचा तुकडा कापून मधे चीर दिली. जावयानं तो नळीच्या तोंडावर चढवला. लेकीनं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं, बाही वर केली आणि स्पंज धरून ठेवला, माईंनी पाण्याखाली दोऱ्याची गाठ मारली. तिघांचे हात एका टाकीत, कुणाचं बोट कुठलं ते कळत नव्हतं. जावयानं बटण चालू केलं. पाणी ओढलं जायला लागलं. एक पिल्लू स्पंजजवळ आलं, त्यावरचं काहीतरी टिपलं आणि आरामात निघून गेलं.

"तुला उशीर झाला ना?" माईंनी लेकीला विचारलं.

"झाला," लेक म्हणाली आणि जागची हलली नाही. "किती असतील?"

"मोजता येत नाहीत, सारखी जागा बदलतात," जावई म्हणाला.

"पण ही सगळी मोठी झाली की राहणार कुठे? एवढ्याशा टाकीत?"

माईंनी जावयाकडे पाहिलं. जावयानं माईंकडे. मग दोघांनी मिळून दाराजवळच्या चपलांच्या लांबलचक कपाटाकडे पाहिलं, आणि जावई जागा मोजायची टेप आणायला आत गेला.